शेवटच्या कडव्यातलं नाव

मालकांचं पान काढून टाकणार आहेत, असं मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. पान कसलं ते मला माहीत नव्हतं. मालक, म्हणजे मुलीचे आबा, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं आता काय काढून टाकायचं राहिलंय, मला कळेना.

"कशाचं पान?"

"इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं, माय. मी आबांवर लिहिलं होतं. ते उडवून राहिले."

"कोण उडवून राहिलं?"

"तिथले लोक."

मी म्हटलं, उडवू दे. ती म्हणाली, शनिवारी येते, आणि फोन ठेवला.

मुलगी लातूरला शाळेत शिकवते. मी नांदेडला दोन खोल्यांत एकटी राहते. एसटीनं येते तेव्हा तिचं अंग आंबून जातं, आल्याबरोबर आडवी होते. त्या शनिवारी मात्र पाणीही न पिता फोन काढून बसली. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. मला म्हातारपणाचा कंटाळा आलाय तो माझ्या नाही, तिच्या.

तिनं मला समजावून सांगितलं. त्या ज्ञानकोशात कुणीही कुणाबद्दल लिहू शकतं. आणि दुसरं कुणीही येऊन म्हणू शकतं की हा माणूस इथं ठेवण्यासारखा नाही. मग तिथं चर्चा होते. माणूस उल्लेखनीय आहे का, हे बघतात.

"कसं बघतात?"

"त्याच्याबद्दल परक्यानं कुठं छापलंय का ते बघतात. पुस्तकात, पेपरात. घरच्यांनी नाही, मित्रांनी नाही."

"चर्चा करणारे आबाला ओळखत होते का?"

"ओळखत असते तर त्यांनी बोलायचं नसतं, माय. ओळखीच्यानं लिहायचंच नसतं तिथं."

"मग तू कसं लिहिलंस?"

ती फोनवर ते पान शोधायला लागली. तेवढ्यात मी चहा टाकला.

नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत घरटी एक थोर माणूस होऊन गेलाय. भिंतीवरचे हार बघितले तर तसंच वाटतं. सगळ्यांच्या पोरांनी पानं लिहायला घेतली तर तो कोश कुणी वाचायचा? मी चौथी शिकलेली आहे, पण एवढं मला कळतं. मी तसं मुलीला म्हटलं. ती म्हणाली, तू आबांच्या बाजूची आहेस का त्यांच्या? मी म्हटलं, मी दमलेली आहे.

मालक काय करत होते ते सांगते. आमची गायन पार्टी होती. खरं तर उस्तादांची पार्टी, मालक त्यात होते. उस्ताद म्हणजे त्यांचे गुरू. पुढं उस्ताद, हार्मोनियमवर मालक, शेजारी ढोलकीवाले भाऊजी, मागं आम्ही तीन-चार बाया कोरसला. जयंतीच्या दिवसांत, विहाराच्या उद्घाटनाला, लग्नाला सुपारी यायची. सुपारी म्हणजे बोलावणं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज. देगलूरच्या पलीकडं गेलो की निम्मं पब्लिक तेलुगू बोलायचं, तरी टाळ्या बरोबर जागेवर द्यायचं. बाकीच्या महिन्यांत मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे. गाणी तिथंच सुचायची म्हणायचे, यंत्राच्या आवाजात कुणी हाक मारत नाही म्हणून.

मुलीनं पान वाचून दाखवलं. फोटो होता, तो चांगला होता. पुढं पहिलंच वाक्य: जन्म अर्धापूर येथे.

"मुरुडला," मी म्हटलं.

"माय, पेपरात अर्धापूर आहे."

"पेपर होता का बाळंतिणीजवळ? त्यांच्या आईनं सांगितलंय मला. मुरुडच्या बाजारात मिरच्या घेताना पोटात कळ आली अन् पिशवी तिथंच टाकून घरी पळाली. मिरच्या गेल्या म्हणून ती मरेपर्यंत हळहळायची."

"हे खरं आहे, पण मला ते लावता येत नाही. छापील पाहिजे."

ती छापील बातमी म्हणजे मालक गेल्यावर इथल्या एका पेपरात आलेला चार बोटांचा मजकूर. शोकसभा अर्धापूरला झाली होती, ढोलकीवाल्या भाऊजींनी घेतली होती. बातमीदारानं जिथं सभा तिथंच जन्म लावून टाकला. पुढं लिहिलं होतं, शेकडो गाणी रचली.

"शेकडो कुणी मोजली?"

मुलगी म्हणाली, "ते मीच म्हटलं होतं. भाषणात."

"तू बोललीस, त्यानं छापलं, अन् आता तेच तू पुरावा म्हणून लावलंस."

"तसंच असतं, माय."

"अन् मी सांगितलं तर?"

"तुझं चालत नाही. तू बायको."

मला हसू आलं. तीही हसली, पण तिचं हसू लवकर संपलं. एक बातमी पुरत नाही म्हणत होते ते लोक. आणखी एक तरी पाहिजे, चांगली मोठी, नाहीतर पान जाणार. आणि त्यापेक्षा तिला लागलं होतं ते दुसरंच. तिनं फोनवर दुसरं पान उघडलं. ते उस्तादांचं. त्यांचं पान भक्कम होतं. त्यांच्या कॅसेटी निघाल्या होत्या, त्यांच्यावर कुणीतरी पुस्तकात लिहिलं होतं. खाली गाण्यांची यादी. त्यात वरच्या बाजूला पाटीचं गाणं.

"हे माझं गाणं आहे," मुलगी म्हणाली. "माझ्यावरचं. आबांनी लिहिलेलं."

ते खरं होतं. तिला शाळेत घातली तेव्हा मालकांनी ते लिहिलं. भावाचं फाटकं दप्तर घेऊन, मोठ्या मापाच्या चपला ओढत एक पोर शाळेला निघाली आहे, असं गाणं. उस्तादांना मुलगीच नव्हती. पुढं ते गाणं एवढं चाललं की ते म्हटल्याशिवाय लोक उठू देत नव्हते. अजूनही जयंतीला पोरं मोबाईलवरून स्पीकरला लावतात. त्यात एक ओळ आहे, पाटी पुसायला पाणी नाही म्हणून पोर डोळ्यांतल्या पाण्यानं पाटी पुसते. त्या ओळीला बाया पदर डोळ्याला लावायच्या. कोरसला बसून मी ते बघितलंय, किती गावांत ते सांगता येणार नाही.

गाणं मालकांचं, मग यादीत उस्तादांचं कसं? तर आमच्यात शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. त्याला छाप म्हणतात. छापेवरून गाणं कुणाचं ते कळतं. पण शागीर्द असेल तर तो आपलं नाव घालत नाही, उस्तादाचं घालतो. उस्ताद चार लोकांसमोर नारळ देऊन सांगतील की आता तू तुझी छाप घाल, तेव्हाच. ज्ञानकोशातल्या लोकांनी कॅसेट ऐकली, शेवटचं कडवं ऐकलं, आणि नाव लिहून घेतलं. त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? आमच्या बाहेरच्या माणसानं दुसरं काय करायचं?

मुलीच्या मनात वेगळं होतं. तिच्या ओळखीचा एक पत्रकार होता. ढोलकीवाले भाऊजी अजून आहेत. ते जुन्या पार्टीतले, घरचे नाहीत. त्यांची मुलाखत पेपरात आली की दुसरी बातमी होते. त्यात त्यांनी सांगायचं की पाटीचं गाणं कुणी लिहिलं. मग आबांचं पान राहील आणि गाणंही परत येईल.

"अन् उस्तादांनी लाटलं असं छापतील," मी म्हटलं.

"लाटलंच की."

"कुणी सांगितलं तुला?"

"आयुष्यभर आबा मागं हार्मोनियम वाजवत बसले, माय. अजून काय सांगायचं?"

मला जायचं नव्हतं. गुडघे धरतात. पण ती एकटी गेली तर भाऊजी फोनसमोर काय बोलतील याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्याकडं अर्धापूरला गेलो. रस्त्यात केळीचे ट्रक भरत होते, गाडी निम्मा वेळ त्यांच्या मागं उभी. मुलगी वहीत प्रश्न लिहून काढत होती. मी खिडकीला डोकं टेकून झोपले.

भाऊजी ओट्यावर बाजेवर बसले होते. पाय सुजलेले. एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळं ओरडून बोलतात.

"वहिनी! मी समजलो तुम्ही गेल्या."

"मी बी तुमच्याबद्दल तेच ऐकलं होतं."

"अरे, ऐ, चहा टाक गं," ते सुनेला ओरडले. "माझी कोरसवाली आली. सूर कधी धरला न्हाई बाईनं, पण आवाज लई मोठा."

"तुमची ढोलकी झाकायला लागत होता ना."

त्यांना बरं वाटलं. मुलीनं पाया पडून फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. आबांवरचं पान, ते काढायला निघालेले लोक, सगळं मोठ्यानं सांगितलं. भाऊजींना निम्मं कळलं. कळलेल्या निम्म्यावर ते म्हणाले, "म्हणजे मेल्यावर बी सुपारी द्यायची का न्हाई ते दुसरेच ठरवून राहिले!"

"काका, पाटीचं गाणं कुणी लिहिलं?"

"तुझ्या बापानं. हाव. जिनिंगच्या दारात बसून लिवलं. मी शेजारी बिडी ओढत होतो."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा एवढा मोकळा झालेला मी कितीतरी वर्षांनी बघितला.

"अन् रडायची ओळ उस्तादांची," भाऊजी म्हणाले.

"कोणती ओळ?"

"तीच की. डोळ्यातल्या पाण्यानं पाटी पुसायची. तुझ्या बापानं लिवलं होतं, थुंकीनं पुसते. जे बघितलं ते लिवलं त्यानं. उस्ताद म्हणाले, अबे, स्टेजवर थुंकी? बाया उठून जातील. मग त्यांनी बसल्या जागी डोळ्यातलं पाणी करून दिलं. तुझा बाप लई रुसला होता. पण पहिल्याच कार्यक्रमाला बाया रडल्या, मग गप बसला."

मुलगी माझ्याकडं वळली. "मी रडायचे ना, माय? पाटीवर?"

ही पोर दरवर्षी शाळेत पहिलीच्या पोरांना ही गोष्ट सांगते. मी अश्रूंनी पाटी पुसून शिकले, असं. मला ते माहीत होतं. आजवर कुणी मला विचारलं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नव्हते.

"न्हाई," मी म्हटलं. "थुंकायचीस."

सून चहा घेऊन आली. फोन चालूच होता. मग मुलीनं वहीतला पुढचा प्रश्न वाचला. आवाज शाळेतल्यासारखा सरळ होता. "काका, उस्तादांनी आबांना छाप का दिली नाही?"

"कोण म्हणतं दिली न्हाई?"

मी कपातून वर बघितलं.

"लातूरच्या कार्यक्रमाला नारळ आणला होता की उस्तादांनी. हार आणला, माईकवर बोलवायचं ठरलं होतं. तुझ्या बापानं आधीच त्यांना मागं नेऊन हात जोडले. म्हणाला, उस्ताद, मला नको. माझ्या नावानं सुपारी कोण देईल? तुमची छाप हाय तवर घरात पीठ हाय. उस्ताद लई भांडले. म्हणाले, तू भेकड हायस. नारळ तसाच दिला हातात."

तो नारळ मला आठवला. लातूरहून मालक पहाटे आले, पिशवीतून नारळ काढून चुलीजवळ ठेवला. मी विचारलं, कुणाचा? म्हणाले, असाच. मी तो फोडला आणि चटणी केली. अर्धा शेजारी दिला. त्यात दुसरं काही असेल असं मला कशाला वाटेल? त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर मीही म्हटलं असतं, नकोच. तीन लेकरं होती घरात. नावाला कुणी ट्रॉली पाठवत नव्हतं.

"हे पेपरात सांगाल का काका?" मुलगी म्हणाली. "गाण्याचं?"

"सांगतो की. पण सगळं छापायचं. थुंकी बी, नारळ बी. उस्तादानं चोरलं असं एक अक्षर आलं तर तुझ्या त्या पेपरवाल्याला तिथं येऊन सांगीन, पाय सुजले तरी. अर्धं छापायचं असंल तर मी बोललोच न्हाई समज."

मुलीनं फोन बंद केला.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आबा भेकड होते का?"

"हिशेबी होते."

"मी काय लिहू मग? कवी होता, पण नाव नको म्हणाला? एक ओळ गाजली, ती दुसऱ्याची? असा माणूस ते लोक कशाला ठेवतील?"

"तुझ्या पेपरवाल्याला आख्खं दे. भाऊजी म्हणले तसं."

"तो आख्खं छापणार नाही, माय. त्याला चोरी पाहिजे. मी कालच त्याला तसं सांगून बसले."

"मग देऊ नको."

"पान जाईल."

"जाईल."

मला तिची कीव आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला झोप येत होती आणि गाडीत केळीचा वास कोंडला होता. पण तिनं पत्रकाराला फोन लावला तो मी ऐकला. ती म्हणाली, सर, मुलाखत नाही होणार. काका आजारी आहेत. तेवढं एक खोटं मी तिला माफ केलं, पाय सुजलेले होतेच.

रात्रीचं जेवण उरकून ती पानाकडं वळली. एकेक खोडत होती आणि मला विचारत होती. शेकडो गाणी? मी म्हटलं, मला चाळीसेक म्हणता येतील, त्यातली बरी दहा-बारा. तिनं 'शेकडो' खोडून 'काही' लिहिलं. उस्तादांचे सर्वांत लाडके शिष्य? मी म्हटलं, लाडके ढोलकीवाले होते, उस्ताद त्यांना शिव्या द्यायचे. तेही गेलं. आपल्या भारदस्त आवाजानं मराठवाडा गाजवला? मी नुसतं तिच्याकडं बघितलं. तिनं ते पुसलं. शेवटी अर्धापूरवर येऊन थांबली.

"संदर्भ नाही मुरुडला," ती म्हणाली.

"मग?"

"करते." आणि तिनं मुरुड केलं.

झालं ते वाचून दाखवलं. जन्म मुरुड. गायन पार्टीत हार्मोनियम वाजवत. काही गाणी लिहिली, ती गुरूंच्या छापेनं. जिनिंगमध्ये काम केलं. फोटो. एवढंच. पान असं सोलून निघालं होतं. मी म्हटलं, आता बरोबर आहे. ती म्हणाली, आता तर नक्की काढतील, माय. एवढ्याशा माणसाला कोण ठेवतं?

काढलंच. ती लातूरला गेल्यावर थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. तिथं कुणीतरी लिहिलं होतं, पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. शिवीगाळ नव्हती, टोमणा नव्हता. लिहिणारा सभ्य असावा. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही काढलं असतं. कागदावर मालक तेवढेच होते, आणि कागदावर जास्त व्हायचं त्यांनी स्वतःच नको म्हटलं होतं.

"उस्तादांच्या पानावर गाणं तसंच आहे," मुलगी म्हणाली. "यादीत. तिथं जाऊन मी ते खोडू शकते. कुणीही खोडू शकतं."

"अन् त्या जागी काय लिहिशील?"

"आबांचं नाव."

"संदर्भ?"

ती हसली. दमल्यासारखी हसली, पण हसली.

"राहू दे मग," मी म्हटलं. "ते नाव तुझ्या बापानं स्वतःच्या हातानं घातलंय. त्याचं तेवढं तरी ऐकू."

शाळेची मधली सुट्टी असावी, मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मग तिनं विचारलं, "माय, खरंच थुंकायचे का मी? का काकांनी काहीतरी सांगितलं?"

"थुंकायचीस. अन् फ्रॉकनं पुसायचीस. तुझ्या पाटीला वास यायचा. भाऊ जवळ बसायचा न्हाई."

"मी पोरांना काय सांगू आता?"

"तेच सांग," मी म्हटलं, आणि भाजी लागायला आली होती म्हणून फोन ठेवला.